अडलेल्या माणसाची नजर

जुन्नरच्या जुन्या दिवसांविषयी आपल्याला जे कळतं, त्यातला बराच भाग दोन परक्या माणसांच्या आठवणींतून आलेला आहे. एक पंधराव्या शतकात आलेला रशियन व्यापारी अफानासी निकितिन आणि दुसरा १६७५ साली मुंबईहून आलेला इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायर. इतिहास लिहावा म्हणून दोघांपैकी कोणीच आलं नव्हतं. एकाला घोडा विकायचा होता, दुसऱ्याला एका आजारी बाईसाठी बोलावणं आलं होतं. पुढे दोघांनीही आठवणी लिहिल्या. त्या वाचताना कुठे विश्वास ठेवायचा आणि कुठे हात आखडता घ्यायचा, हा प्रश्न प्रत्येक पानावर पडतो. नेहमीचं उत्तर असं, की लेखक सुशिक्षित, तटस्थ आणि दीर्घकाळ राहिलेला असेल तर त्याची साक्ष खरी. या दोघांना ही कसोटी लावली तर हाती फारसं लागत नाही. कारण ते तटस्थ नव्हते आणि फार काळ राहिलेही नाहीत. मला वेगळी कसोटी सुचवायची आहे. प्रवासी ज्या गोष्टीसाठी अडून बसतो, तेवढी गोष्ट तो नीट पाहतो. बाकीचं तो ऐकतो, अंदाजाने भरतो किंवा सांगणाऱ्याच्या भरवशावर उतरवून घेतो. एवढं लक्षात ठेवलं, तर एकाच पुस्तकातलं एक वाक्य पक्कं आणि शेजारचं कच्चं का निघतं, याचा उलगडा होतो.

निकितिन त्वेर या शहरचा. व्होल्गा नदीने माल घेऊन निघाला आणि वाटेतच लुटला गेला. रिकाम्या हाताने घरी परतणं परवडणारं नव्हतं, म्हणून तो पुढे जात राहिला. इराण ओलांडून होर्मुझला आला आणि तिथून घोडे वाहणाऱ्या जहाजाने चौलला उतरला. चौलहून पाली आणि तिथून घाट चढून जुन्नर असा त्याचा मार्ग. वर्षांबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पूर्वी त्याचा सगळा प्रवास १४६६ ते १४७२ असा धरत, अलीकडे तो १४६८ नंतरचा मानण्याकडे कल आहे. एवढं मात्र पक्कं, की तो बहमनी राजवटीत आणि पावसाळ्याच्या तोंडावर जुन्नरला पोहोचला आणि पावसाने तिथेच अडकला. जवळ होता फक्त एक घोडा. त्या घोड्यापायी शंभर रुबल खर्च झाले, हे तो स्वतःच नोंदवतो. घोडा विकला गेला तर परतीची वाट मोकळी, नाहीतर परमुलखात भीक मागायची पाळी. जुन्नरच्या मुक्कामातलं त्याचं सगळं लिखाण या एका घोड्याभोवती फिरतं.

आता त्याच्या नोंदी तपासू. इथे घोड्यांना हरभरा घालतात, खिचडी शिजवून त्यात साखर आणि तूप-तेल मिसळून चारतात आणि सकाळी वेगळा खुराक देतात, असं तो सांगतो. पदार्थांची नावं त्याने इथल्या उच्चाराच्या जवळपास रशियन लिपीत उतरवली आहेत. ज्याला रोज दाणावैरणीचे पैसे मोजावे लागत होते, त्याच माणसाची ही नोंद आहे, हे वाचताक्षणी कळतं. आता याच भागातलं शेतीविषयीचं वाक्य पाहा. पावसाच्या दिवसांत इथले लोक नांगरतात आणि गहू, भात, हरभरा पेरतात, असं तो लिहितो. भाताचं ठीक आहे. पण गहू आणि हरभरा ही आपल्याकडे रब्बीची पिकं, त्यांची पेरणी पाऊस ओसरल्यावर. निकितिन तर ऑगस्टच्या मध्यालाच बीदरच्या वाटेला लागला होता. म्हणजे ती पेरणी त्याने पाहिलेली असणं अवघड आहे. बाजारात जी धान्यं दिसली ती सगळी त्याने एका वाक्यात कोंबली. घोड्याच्या तोबऱ्यातला हरभरा त्याला अचूक दिसला आणि शेतातला हरभरा चुकला. दोन्ही नोंदी एकाच माणसाच्या, एकाच मुक्कामातल्या आहेत. फरक आहे तो गरजेचा.

गडाविषयीही हेच. जुन्नर शहर दगडी बेटावर वसलेलं आहे, ते कुणा माणसाने नाही तर देवाने घडवलेलं आहे, वर जायला एक दिवस लागतो आणि वाट इतकी अरुंद की दोघांना शेजारून जाता येत नाही, असं त्याचं वर्णन आहे. शिवनेरी पाहिलेल्या कुणालाही दगडी बेट ओळखू येईल, आणि दिवसभराच्या चढणीवर हसूही येईल. काही तासांत चढून-उतरून लोक खाली चहाला बसतात. खुद्द निकितिनला गडावर रोज जायचं कारण नव्हतं. तिथला अधिकारी असदखान याच्या फौजेचा सत्तर हजारांचा आकडा देताना तर तो लोक असं म्हणतात अशी पुस्तीच जोडतो. आपण काय पाहिलं आणि काय ऐकलं, यातला फरक या मध्ययुगीन व्यापाऱ्याने आजच्या कित्येक प्रवासलेखकांपेक्षा जास्त प्रामाणिकपणे सांभाळला आहे.

आणि मग घोडाच गेला. हा मुसलमान नाही, रूसचा ख्रिस्ती आहे हे कळल्यावर असदखानाने तो जप्त केला आणि धर्म बदललास तर घोडा परत आणि वर हजार मोहरा, नाही तर घोडा जाईलच आणि वर हजार मोहरा भरशील, असा पेच टाकला. मुदत चार दिवसांची. याच वेळी महंमद नावाचा एक खुरासानी गृहस्थ जुन्नरला आला. निकितिनने त्याच्याकडे गयावया केली. महंमद खानाकडे गेला, धर्मांतराची अट सोडवली आणि घोडाही परत आणला. निकितिनने याला देवाचा चमत्कार म्हटलं आहे. पण या उपकारकर्त्याचं वर्णन किती येतं, ते पाहण्यासारखं आहे. त्याचं वय, चेहरा यांतलं काहीही नाही. खानाचे हत्ती-घोडे येतात, इतके हत्ती-घोडे असूनही तो माणसांच्या खांद्यांवरून फिरतो असा टोमणाही येतो. मित्राबद्दल मात्र नाव, गाव आणि एक कृती एवढंच. मित्रांच्या आठवणी म्हणजे स्वभावचित्रं असं आपण धरून चालतो, कारण आपल्या वाचनातली व्यक्तिचित्रं निवांत सहवासातून आलेली असतात. अडचणीतल्या मैत्रीची आठवण अशी एका कृतीपुरती उरते. त्यात कंजूषपणा नाही. त्या क्षणी निकितिनला चेहरा न्याहाळायला उसंतच नव्हती.

इथे एक आक्षेप येतो. गरज असलेला माणूस घटना आपल्या सोयीने रंगवणारच. असदखान खरंच इतका दुष्ट होता की गाऱ्हाणं सांगणाऱ्याने त्याला तसा केला? शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर निकितिनच्या स्वभावात शोधण्यापेक्षा त्या काळच्या बहमनी दरबारात शोधणं बरं. तिथे दख्खनी आणि आफाकी, म्हणजे बाहेरून आलेले, असे दोन तट होते. वजीर महमूद गावान स्वतः गिलानहून आलेला, आणि या तटबाजीतच १४८१ मध्ये त्याचा बळी गेला. असदखान त्याच गावानच्या हाताखालचा. अशा ठिकाणी खुरासानी माणसाचा शब्द वजनदार ठरणं स्वाभाविक आहे. निकितिन पुढे स्वतःला खोजा युसुफ खुरासानी म्हणवून घेऊ लागला, ही गोष्टही तिथेच जुळते. या मुलखात कोणतं नाव लावलं की दार उघडतं, हे त्याला कळून चुकलं होतं. तेव्हा घटनेचा सांगाडा पटतो: परका व्यापारी, मौल्यवान जनावर, अधिकाऱ्याचा लोभ आणि बाहेरच्यांच्या जाळ्यातून आलेली मदत. चमत्कार हा शब्द निकितिनचा आहे, तो त्याच्याकडेच राहू द्यावा. त्याची गरज जिथे खरोखर नजर बिघडवते ती जागा वेगळी आहे. या देशात घोडे पैदाच होत नाहीत, असं तो ठामपणे सांगतो. लढाईचे उत्तम घोडे समुद्रावरून येत हे खरं, पण भीमेच्या खोऱ्यातली भीमथडी घोडी पुढे मराठी फौजांत नावाजली गेली. आपल्या मालाला इथे तोड नाही, अशी समजूत घोडेविक्याला गोड वाटणारच. तेव्हा कसोटीला एक पुरवणी जोडायला हवी. गरज तपशील धारदार करते आणि त्या तपशिलावरून काढलेला सर्वसाधारण निष्कर्ष वाकडा करते. खिचडीवर विश्वास ठेवावा, देशभरच्या घोड्यांवरच्या विधानावर ठेवू नये.

फ्रायर दोनशे वर्षांनी आला तेव्हा जुन्नर मोगलांकडे होतं आणि कोकणपट्टीचा मोठा भाग शिवाजी महाराजांकडे. शिवनेरी हे महाराजांचं जन्मस्थान, पण त्यांच्या हयातीत तो किल्ला त्यांच्या ताब्यात आला नाही. म्हणजे मुंबईचा डॉक्टर एका राज्यातून दुसऱ्या, शत्रूच्या, राज्यात घाट चढून जात होता. कल्याण, मुरबाड करत तो सह्याद्रीच्या पायथ्याला आला आणि वाटाड्यांनी त्याला भलत्याच वाटेने वर नेलं. नाणेघाटाची सरळ, पायऱ्यांची वाट राहिली उत्तरेला आणि हा दक्षिणेकडच्या एका उभ्या चढणीला लागला. ही वाट आहुपे घाटाच्या आसपासची मानली जाते. वर आल्यावर तो आंबेगावाचं नाव घेतो. परतताना नाणेघाटाने उतरल्यामुळे दोन्ही वाटांची तुलना त्याला करता आली, आणि ती तो जरा चिडूनच करतो. याच चिडचिडीमुळे आंबेगाव या नावाची सतराव्या शतकातली एक नोंद आपल्याला मिळाली. वाट चुकली नसती तर त्याला तिकडे जायचं काहीच कारण नव्हतं. ते जुनं आंबेगाव आज घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. नाव उरलं आहे तालुक्याला, आणि कचेरी आहे घोडेगावात.

डॉक्टराची गरज म्हणजे रोग्याची नाडी. पण रोगी जनानखान्यात, पडद्याआड. पडद्यातून एक हात पुढे आला. फ्रायरने नाडी पाहिली आणि हिला काहीही झालेलं नाही असं सांगितलं. तो हात एका धडधाकट दासीचा होता आणि फिरंगी वैद्याची ती परीक्षा होती. मग खऱ्या रोग्याचा हात आला आणि उपचार सुरू झाले. पुढे एकदा बायकांच्या ओढाताणीत पडदाच खाली आला. आतल्या बायका गडबडल्या, पण पळाली कुणीच नाही. त्या क्षणभरात फ्रायरने जे पाहिलं ते लिहून ठेवलं: मुरंब्या-लोणच्यांसाठी सोलून ठेवलेल्या कैऱ्या, इतर फळं आणि चांगल्या शिवणकामाचे नमुने. त्या काळातल्या युरोपियन पुस्तकांत जनाना म्हणजे आळस आणि विलास असं समीकरण सर्रास आढळतं. त्या समीकरणाला छेद देणारी ही ओळ त्याच युरोपातल्या माणसाने लिहिली आहे. तो आला एप्रिल-मेच्या दिवसांत, तेव्हा कैरीचा तपशील ऋतूशीही जुळतो. निकितिनच्या गव्हासारखा तो घसरत नाही. इतर मोगल घरांबद्दल ऐकीव लिहिताना हाच फ्रायर चारचौघांसारखं लिहितो. जिथे तो स्वतः पडद्यापुढे अडून बसला होता, तिथे त्याला कैऱ्या दिसल्या.

शिवनेरीवर त्याला जाता आलं. तिथली एक नोंद बऱ्याच ठिकाणी उद्धृत होते: हजार कुटुंबांना सात वर्षं पुरेल इतका शिधा किल्ल्यावर आहे. माझ्या कसोटीने पाहता ही नोंद हलकी ठरते. फ्रायर तिथे वेढ्यात सापडला नव्हता, धान्य मोजायला गेला नव्हता. शत्रूच्या हद्दीतून आलेल्या पाहुण्याला किल्लेदाराच्या माणसांनी काय सांगावंसं वाटलं, एवढंच त्या आकड्यावरून कळतं. गडावरची दगडात खोदलेली मोठी टाकी आणि अंबरखाना आजही पाहता येतात, तेव्हा साठा मोठा असणार हे नाकारायचं कारण नाही. पण सात वर्षं हा आकडा पुराव्याच्या रकान्यात भरायचा नसतो. महाराजांविषयी तो जे लिहितो तेही असंच वाचावं लागतं. त्याचे यजमान मोगल होते आणि भोवतालचं बोलणं त्यांचंच होतं.

आता सगळ्यात जड आक्षेप. ही दोन्ही माणसं परकी. दोघांनीही आठवणी नंतर जुळवल्या, आणि फ्रायरचं पुस्तक तर लंडनमध्ये १६९८ साली, म्हणजे जुन्नर सोडल्यावर तेवीस वर्षांनी, छापलं गेलं. परक्याची आणि शिळी नजर आपल्या मुलखाचा पुरावा कशी होईल? शिळेपणाचं उत्तर सोपं आहे. वाट चुकणं, घोडा जप्त होणं, नाडीची परीक्षा यांसारख्या गोष्टी शिळ्या होत नाहीत, शिळी होतात ती मतं. परकेपणाचं उत्तर द्यायला आपल्याच माणसाचं उदाहरण घेतलं पाहिजे, आणि मराठीत ते हाताशी आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे. घरच्या कर्जापायी, उत्तरेत बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आणि दक्षिणा मिळणार या आशेने ते निघाले आणि १८५७ च्या धामधुमीत झाशीत अडकले. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापला गेला. लढाईच्या डावपेचांबद्दल त्यांचं लिखाण सावधपणे वाचावं लागतं. पण दक्षिणा किती मिळाली, कुठे जेवण झालं, पैसे कसे लपवून नेले आणि कसे लुटले गेले, हे सांगताना भटजींची लेखणी चळत नाही. भाषा आपली, धर्म आपला, गाव कोकणातलं, तरी नजरेचा नियम तोच. तेव्हा मामला परक्या-आपल्याचा दिसत नाही.

जुन्नरच्या डोंगरांत याहून कितीतरी जुन्या, पण एका ओळीच्या आठवणी आहेत. इथल्या लेण्यांत यवन म्हणवणाऱ्या दात्यांचे ब्राह्मी लेख आहेत. गत कुळातल्या चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला, इरिलाने पाण्याच्या दोन पोढ्या, म्हणजे टाकी, दिल्या, चंद नावाच्या तिसऱ्याने लेण्याचं दर्शनी प्रवेशद्वार दिलं. हे लोक बंदरांतून घाटमार्गे आलेले व्यापारी होते की पिढ्यान्‌पिढ्या इथेच स्थायिक झालेले, यावर वाद होऊ शकतो आणि तो मिटवण्याची गरज इथे नाही. पण तिघांपैकी दोघांनी जे दिलं ते जेवायची जागा आणि पाणी, हे नजरेआड करू नये. घाट चढून आलेल्याला आधी याच दोन गोष्टी लागतात. याच्या शेजारी नाणेघाटातला सातवाहन राणी नागनिकेचा लेख ठेवा. त्यात यज्ञांची यादी आहे, दान दिलेल्या हजारो गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापणं आहेत, त्याच लेण्यात राजकुलाच्या माणसांच्या कोरीव मूर्ती होत्या आणि त्यांच्या डोक्यांवर नावं होती. मूर्ती आता उरलेल्या नाहीत. सातवाहनांच्या इतिहासाला त्या लेखाशिवाय गत्यंतर नाही, हे मान्यच. पण ज्या घाटाच्या तोंडाशी तो कोरला आहे, त्या घाटातून कोण, काय घेऊन जात होतं याबद्दल त्यात अवाक्षर नाही. राणीला घाट चढायची अडचण नसावी.

आजच्या प्रवासलेखनाला हीच फूटपट्टी लावली तर निकाल कडू येतो. पावसाळ्यात नाणेघाटावर गर्दी उसळते. वाऱ्याने उलटा उडणारा धबधबा, धुकं, जीवधनचा कडा, वानरलिंगीचा सुळका, खाली गरम भजी, या क्रमाने लिहिलेले लेख दरवर्षी येतात आणि एक झाकून दुसरा वाचला तरी चालतो. लिहिणारे आळशी आहेत म्हणून असं होतं, असं मला वाटत नाही. त्यांना तिथे काहीच अडत नाही, हे खरं कारण. गाडी दारात, परतायची वेळ ठरलेली, पोटात नाश्ता. वाट विचारण्याचीही गरज उरलेली नाही, ती फोन सांगतो. ज्याला कुणाकडे काही मागावं लागत नाही, त्याच्या आठवणीत माणूस येणार कुठून? भाषा कितीही कमावली तरी हा प्रश्न सुटत नाही. भीमाशंकर, आहुपे या पट्ट्यातल्या महादेव कोळी वस्त्यांवर शिकवायला, लसी द्यायला किंवा हिरडा खरेदीला गेलेल्या माणसांच्या आठवणी वेगळ्या निघतात, त्या याच कारणाने. हिरड्याचा भाव, वाळवण, पावसात बंद पडलेली एसटी हे त्यांच्या कामाचे विषय असतात.

आणि जुन्नर तालुक्यात आजही असे अडलेले प्रवासी दरवर्षी येतात. नारायणगावला यात्रांच्या हंगामात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी आपल्या जत्रेसाठी फड ठरवायला तिथे उतरतात. त्यांच्याकडे तारीख पक्की असते, वर्गणीचा आकडा मर्यादित असतो, आणि हवा तो फड दुसऱ्या गावाने आधीच अडवलेला असण्याची धास्ती असते. तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांच्या गावात त्यांच्या नावामागचा थोरवीचा इतिहास पुष्कळांनी लिहिला. सुपारी कशी ठरते, घासाघीस कुठे थांबते, कोणत्या वर्षी पाऊसपाण्यामुळे वर्गणी आटली आणि मोठ्या फडाऐवजी लहानावर भागवावं लागलं, कोणत्या फडमालकाने पुढच्या वर्षीच्या बोलीवर पैसे सोडले, हे त्या कारभाऱ्यांना पाठ असतं. त्यातले कित्येक आता सत्तरीच्या पुढचे आहेत, आणि राहुटीसमोर बसून त्यांच्याकडून ते उतरवून घ्यायला एक वही पुरेल.